ओटू सेन्सरचा कोड परत परत येतोय? नवा सेन्सर घेण्याआधी हे तपासा

ओटू सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या सेन्सरचा) कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, परत परत येतो; पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांची ही तक्रार आमच्या गॅरेजला कायमची आहे. गंमत म्हणजे गाडी आमच्यापर्यंत येते तेव्हा बऱ्याचदा तिच्यात नवाकोरा ओटू सेन्सर आधीच बसवलेला असतो. सेन्सर बदलला, डॅशबोर्डवरची इंजिनची लाइट गेली, पंधरा दिवसांनी परत आली, मग ‘पार्ट डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुसरा टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशातला प्रकार. सेन्सर खराब होत नाही असं नाही, होतो. पण त्याच्या नावाचा कोड आला म्हणजे तोच मेला, हे गृहीत धरलं की खिसा रिकामा होतो आणि दोष जागच्या जागी राहतो.

लक्षणं

• डॅशबोर्डवरची पिवळी इंजिनची लाइट लागते. स्कॅनरने विझवली तरी आठवड्या-पंधरवड्यात परत येते.
• ॲव्हरेज घसरतं. थोडं नाही, टाकी भरताना जाणवेल इतकं.
• सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर कोरडी काळी काजळी येते. गाडीमागे उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास येतो.
• सिग्नलला उभी असताना आरपीएम वर-खाली होतो, कधी गाडी बंदही पडते.
• पिकअप घेताना क्षणभर अडखळते. घाटात दम नाही.
• पीयूसीच्या चिठ्ठीवर सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा गेल्या वेळेपेक्षा बराच वाढलेला.
• कधीकधी सडक्या अंड्याचा वास येतो.

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पुढे वाचा. सकाळी सेल्फ मारून गाडी चालूच होत नसेल तर मात्र या सेन्सरच्या मागे लागू नका. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर त्याच्याकडे बघतही नाही.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. लाइट स्थिर लागलेली असेल तर गाडी हळूहळू चालवत घरी नेता येते. ती लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. याचा अर्थ एखादा सिलिंडर जबरदस्त मिसिंग करतोय आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (थोडक्यात ‘कॅट’) जाऊन तिथे जळतंय. कॅट आतून वितळला की खर्च हजारांतून पुढच्या टप्प्यात जातो. ही लाइट घेऊन ‘एवढं गावापर्यंत जाऊ’ म्हणू नका.

सेन्सर करतो काय

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, एवढंच तो सांगतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हे वजनाने अचूक मिश्रण. सेन्सरच्या टोकात झिर्कोनियाची सिरॅमिक आणि तिच्यावर प्लॅटिनमचा थर असतो. ती साधारण ३०० अंशांच्या वर तापली की काम करायला लागते. धुरात ऑक्सिजन उरला नाही, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तर ०.९ व्होल्टच्या आसपास देते. ऑक्सिजन उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर ०.१ च्या आसपास. कॉम्प्युटर त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो, म्हणून पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज सतत वर-खाली झुलत राहतं. झुलणं हे त्याच्या तब्येतीचं लक्षण आहे.

दोन सेन्सर असतात. पुढचा मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपवर) किंवा कॅटच्या आधी, तो पेट्रोल ठरवतो. मागचा कॅटच्या नंतर, त्याचं मुख्य काम कॅटवर नजर ठेवणं. मागचा बिघडला तर लाइट लागते, पण गाडी पळायला फारसा फरक पडत नाही. ॲव्हरेज कोसळलं असेल तर संशय पुढच्या बाजूला घ्यायचा.

आपल्याकडच्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांना बँक (सिलिंडरची रांग) एकच असते, त्यामुळे स्कॅनरवर ‘बँक १ सेन्सर १’ म्हणजे पुढचा आणि ‘बँक १ सेन्सर २’ म्हणजे मागचा. इतकं साधं आहे, तरी पुढच्याचा कोड असताना मागचा बदललेल्या गाड्या आम्ही पाहिल्यात.

तपासणी पहिली: पैसा न लावता

*सीएनजी असेल तर दोन-तीन दिवस फक्त पेट्रोलवर चालवा.* पेट्रोलवर गाडी गुण्यागोविंदाने चालत असेल आणि सीएनजीवर गेल्यावरच त्रास होत असेल, तर सेन्सर ठीक आहे. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर किंवा किटचं ट्यूनिंग बघा. सेन्सर दोन्ही इंधनांना तोच आहे, तो पेट्रोलवर खरं आणि गॅसवर खोटं बोलणार नाही.

बाहेरून बसवलेल्या जुन्या किटचा एक खास घोळ आहे. काही किटांत ओटू सेन्सरची वायर कापून मध्ये इम्युलेटर जोडलेला असतो. तो गॅसवर असताना कॉम्प्युटरला खोटा, घड्याळासारखा नियमित सिग्नल देत राहतो. सेन्सरचा कपलर (वायरीचा प्लग) काढून ठेवला तरी स्कॅनरवर सिग्नल झुलताना दिसला, तर समजा मध्ये इम्युलेटर बसलाय. त्याचे जोड बहुतेक वेळा पिळून वर काळी टेप गुंडाळलेले असतात. इंजिनच्या उष्णतेने टेप सुटते, वायर हिरवी पडते आणि कोड सुरू होतात.

*इंधन आठवा.* ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल सगळीकडे आल्यापासून ‘ॲव्हरेज कमी झालं, सेन्सर गेला का?’ असं विचारणारे वाढलेत. ई१० वरून ई२० वर जाताना लिटरमागे ऊर्जा तीन-चार टक्क्यांनी घटते आणि इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून कॉम्प्युटर थोडं जास्त पेट्रोल सोडतो. तेवढी घट सेन्सर बदलून परत येणार नाही. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी १३ वर आली असेल तर मात्र कारण वेगळं आहे.

*पीयूसीची चिठ्ठी काढा.* बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. सीओ वाढलेला म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. सीओ नीट पण हायड्रोकार्बन भरमसाट, तर मिसिंग बघा. अर्थात ही चिठ्ठी कामाची कधी, तर नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली असेल तेव्हा.

*बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा.* एअर फिल्टर धुळीने बुजलाय का, त्याचा डबा नीट बसलाय का, थ्रॉटलनंतरच्या (हवा आत सोडणाऱ्या झडपेनंतरच्या) रबरी नळ्या तडकल्या आहेत का. मग पुढच्या सेन्सरची वायर बोटाने धरून कपलरपर्यंत जा. ती मॅनिफोल्डला टेकून वितळलीय का? क्लिप तुटून लोंबकळतेय का?

आणि उंदीर. गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरीशेजारी नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफलं, कुठल्या तरी गोणपाटाचे धागे सापडतात. ते दिसले की वायरिंग इंच-इंच तपासायचं. उंदराची खूण ओळखू येते. तांबं तुटलेलं नसतंच कधीकधी, फक्त वरचं प्लॅस्टिक कुरतडलेलं असतं आणि कडेला बारीक दातांच्या दोन-दोन रेषा असतात. कोरड्या दिवसांत अशी वायर गुपचूप चालते. पहिला पाऊस पडला की कोड.

तपासणी दुसरी: स्कॅनर

गाडीच्या ओबीडी (दोष नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या) सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथचा साधा डोंगल पाचशे ते दीड हजार रुपयांत मिळतो. मोबाइलवरच्या ॲपला जोडला की बरंच काही दिसतं. आपल्याकडे ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून आलं, त्याआधीच्या गाड्यांना हा डोंगल लागेलच असं नाही.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या, सोबत फ्रीझ फ्रेमही. कोड पडला तेव्हा इंजिनचं तापमान, आरपीएम, वेग काय होता ते त्यात असतं. ते पुसणं म्हणजे अर्धी माहिती फेकून देणं.

पी०१३५ (मागच्यासाठी पी०१४१) हा हीटरचा कोड. सिरॅमिक लवकर तापावी म्हणून सेन्सरमध्ये छोटी हीटिंग कॉइल असते, तिच्या सर्किटमध्ये दोष आहे. या कोडमध्ये सेन्सर, फ्यूज आणि वायर यापलीकडे सहसा जावं लागत नाही. हा कोड आला की मला बरं वाटतं, कारण तो मीटरने दहा मिनिटांत सुटतो.

पी०१३१ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०१३२ जास्त, पी०१३३ म्हणजे सेन्सर मंद झालाय, पी०१३४ म्हणजे हालचालच नाही. यांत सेन्सरही असू शकतो आणि वायरही.

पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे जास्त. हे कोड सेन्सर खराब असल्याचे नाहीत. सेन्सरने काय पाहिलं ते हे सांगतात. सगळ्यात जास्त चांगले सेन्सर या दोन कोडांपायी भंगारात गेलेत. आणि पी०४२० हा कॅटच्या कार्यक्षमतेचा कोड आहे. त्यावर मागचा सेन्सर बदलून पाहणं ही लॉटरी आहे.

आता लाइव्ह डेटा. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण गरम करा. ॲपमध्ये ‘क्लोज्ड लूप’ दिसायला हवं, म्हणजे कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकून पेट्रोल ठरवतोय. मग पुढच्या सेन्सरचा आलेख लावा. आरपीएम २००० च्या वर धरला की तो ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर झुलला पाहिजे. मागच्याचा आलेख ०.६-०.७ च्या आसपास जवळपास सरळ. मागचा पुढच्याच्या तालावर नाचत असेल तर कॅट थकलाय.

नव्या गाड्यांपैकी अनेकांत पुढे वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा देणारा) सेन्सर असतो, तो असा झुलत नाही. तिथे लॅम्डाचा आकडा (मिश्रण अचूक असेल तर १) १ च्या जवळ आहे का ते बघायचं. सेन्सरला पाच वायरी दिसल्या तर वाइडबँडच. चार असूनही काही गाड्यांत वाइडबँड असतो, म्हणून पार्ट नंबर बघून खात्री करा. नाहीतर चांगल्या सेन्सरला ‘अडकलाय’ म्हणून काढून टाकाल.

सेन्सर जिवंत आहे की नाही याची फुकट चाचणी रस्त्यावर होते. शेजारी कोणाला तरी मोबाइल धरायला बसवा, तुम्ही बघायचं नाही. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गियरला गाडी ३००० आरपीएमपर्यंत न्या आणि गियरमध्येच ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. या वेळी कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो, धुरात निव्वळ हवा उरते. साध्या सेन्सरचं व्होल्टेज ताबडतोब ०.१ च्या खाली यायला हवं. परत दाबलं की उसळी मारून ०.८ च्या वर. दोन्ही बाजूंना झटकन गेला तर सेन्सर आणि त्याची वायर यांना सोडून द्या, दोष दुसरीकडे आहे. रेंगाळत गेला तर तो म्हातारा झालाय. आणि ०.४५ च्या आसपासच चिकटून राहिला तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ असा की सेन्सरचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाही. वायर, कपलर किंवा हीटर बघा.

पुढचे दोन आकडे म्हणजे शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये किती टक्के फेरबदल करतोय ते. दोघांची बेरीज करा. अधिक-उणे पाचच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालतं, त्यापुढे शोधायला लागा. अधिक म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. ई१० साठी बनवलेल्या गाडीत ई२० भरल्यावर चार-पाच टक्के अधिक दिसलं तर घाबरू नका.

उभ्या गाडीत अधिक २०, पण २५०० आरपीएमला सुधारून ५ वर येतं, तर इनटेककडून (हवा आत घेणाऱ्या बाजूने) जादा हवा शिरतेय. भार पडल्यावर आकडा वाढत जातो, तर पेट्रोल पुरत नाहीये: पंप, फिल्टर, इंजेक्टर. यातला पहिला नियम हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांना नीट लागू पडतो. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एमएपी असतो. तो इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, त्यामुळे शिरलेली हवा त्याच्या हिशेबात येते आणि ट्रिमपेक्षा आयडलिंगचा आरपीएम वाढलेला दिसतो.

कोड एक सांगतो, सायलेन्सर दुसरंच

हा भाग नीट वाचा, वारंवार परतणाऱ्या गाड्या इथेच सुटतात.

कोड पी०१७१, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पण सायलेन्सर काजळीने काळाकुट्ट, पीयूसीत सीओ वाढलेला, ॲव्हरेज गेलेलं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? कारण तीन ठिकाणी सापडतं.

पहिलं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं: सेन्सरच्या आधी एक्झॉस्टची गळती. मॅनिफोल्ड आणि इंजिनच्या हेडमधलं गॅस्केट फुटलेलं, किंवा मॅनिफोल्डला बारीक तडा. धूर बाहेर पडतो हे सगळ्यांना कळतं, पण धुराच्या दोन ठोक्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते हे लक्षात येत नाही. सेन्सरला ती हवा दिसते, तो प्रामाणिकपणे ‘ऑक्सिजन जास्त आहे’ सांगतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत सुटतो.

एक हॅचबॅक अशीच आली होती, दुसरीकडून दोन सेन्सर बदलून. मालक वैतागलेले: ‘दादा, आता कॉम्प्युटरच बदलायला सांगतायत.’ गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड असताना सुरू केली. मॅनिफोल्डकडून टिक-टिक असा बारीक आवाज, दोन-तीन मिनिटांत विरला. लोखंड तापून फुगलं की फट बुजते, म्हणून दुपारी गरम गाडी तपासणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. उष्णता अडवणारा पत्रा खोलला तर तिसऱ्या सिलिंडरच्या पोर्टखाली हेडवर बोटभर काळा फराटा. गॅस्केट बदललं, स्टड नवे टाकले. सेन्सर तोच ठेवला.

म्हणून थंड गाडी सुरू करून कान द्या. काळे फराटे शोधा. मदतनीसाला जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड काही क्षण अर्धवट दाबायला सांगा, गळतीचा आवाज वाढतो. हे उघड्यावरच करायचं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही नाही, सीओला वास नसतो.

दुसरं कारण मिसिंग. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही त्याचं पेट्रोलही बाहेर पडतं आणि ऑक्सिजनही. सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो. प्लग आणि कॉइल बघा.

तिसरं, सेन्सर खरोखरच खोटं बोलतोय किंवा त्याची सिग्नल वायर बॉडीला टेकलीय. वरची ॲक्सिलरेटरची चाचणी हे लगेच सांगते.

तपासणी तिसरी: फ्यूज आणि मल्टिमीटर

हीटरचा कोड असेल तर आधी फ्यूज. दहा-वीस रुपयांची वस्तू. नवा टाकल्यावर परत उडाला तर मोठा फ्यूज टाकू नका. वायर कुठेतरी सायलेन्सरला टेकलीय किंवा हीटर शॉर्ट आहे.

इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर सोडवा. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन असतात, त्या हीटरच्या. सेन्सरच्या बाजूने त्यांच्यात ओहम मोजा. साधारण ५ ते १५ च्या दरम्यान काहीतरी येतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये. मीटर ‘ओपन’ दाखवतोय तर कॉइल तुटली. इथे मात्र सेन्सर बदलायचाच, वाद नाही.

ओहम बरोबर आला तर गाडीच्या बाजूचा कपलर बघा. चावी ऑन करून (काही गाड्यांत इंजिन चालू असतानाच) एका पिनवर बॅटरीइतकं व्होल्टेज हवं. दुसऱ्या पिनला कॉम्प्युटर ठोके देत अर्थिंग करतो. पहिल्यावर काहीच नाही तर फ्यूज, रिले, वायर. पहिली ठीक आणि हीटरही ठीक, तरी कोड येतोच, तर दोष कॉम्प्युटरकडच्या वायरीत किंवा कॉम्प्युटरमध्ये. इथे घरचं काम थांबवा.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. सिग्नलच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नका आणि त्या जोडीचा ओहम मोजू नका. तिथे फक्त डिजिटल मीटर, व्होल्टवर.

कपलरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवा. ग्रीस भरू नका. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती वायरीच्या तारांमधून आत जाते. कपलर ग्रीसने बुजवला की चांगला सेन्सर गुदमरतो. त्याच कारणाने या वायरी सोल्डर न करता क्रिंप करतात.

सेन्सर खोलण्याची वेळ आली तर

वरचं सगळं झाल्यावरच. आटे १८ मिलिमीटरचे, पाना २२ चा, आणि वायर बाहेर येण्यासाठी चीर असलेला खास सॉकेट मिळतो तो वापरा. साध्या पान्याने कोपरे झिजतात. थंड इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. कोमट लोखंडातून सेन्सर सुटतो, पूर्ण गरम असेल तर हात भाजतो. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. खालून जायचं असेल तर स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, त्यात तडजोड नाही.

निघाल्यावर टोक बघा, ते बोलतं. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जात होतं. करडी-तपकिरी राख म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरट थर म्हणजे सिलिकॉन किंवा कूलंट. टॅपेट कव्हरला किंवा मॅनिफोल्डला साधा आरटीव्ही सिलिकॉन थापला की त्याची वाफ इंजिनमधून जाऊन सेन्सरवर बसते आणि प्लॅटिनम कायमचं झाकलं जातं. नळीवर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलाच सीलंट वापरा. यातलं मूळ कारण न काढता नवा सेन्सर बसवाल तर तोही त्याच वाटेने जाईल.

जुना सेन्सर पेट्रोलमध्ये बुडवून, ॲसिडने, पॉलिश पेपरने साफ करण्याचे उपाय लोक सांगतात. काजळी निघेलही, पण ती तर गाडी नीट जळायला लागली की आपोआप जळते. ऑइल किंवा सिलिकॉनचा थर निघत नाही आणि सिरॅमिकला तडा जातो. वेळ घालवू नका. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्यावर लगेच कोड आला असेल तर तापलेल्या सिरॅमिकला गार पाण्याने तडा गेलेला असू शकतो. तो दुरुस्त होत नाही.

हीटरवाला सेन्सर लाख-दीड लाख किलोमीटर सहज जातो. तेवढा चाललेला असेल आणि पी०१३३ येत असेल, गळती नसेल, तर बिनधास्त बदला. पार्ट नंबर जुळवून घ्या. ‘युनिव्हर्सल’ म्हणून वायर जोडून बसवायचा सेन्सर मी स्वतः घेत नाही, त्या जोडातूनच पुढचा आजार सुरू होतो. नव्याच्या आट्यांना बहुतेक वेळा कंपनीचंच वंगण असतं, आणखी लावू नका, टोकाला तर काहीच लागता कामा नये. आधी हाताने आटे धरा, मग ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा.

मागच्या सेन्सरखाली स्पेसर (त्याला धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) लावून पी०४२० लपवणारे भेटतील. लाइट विझते, बाकी सगळं तसंच राहतं.

बदलल्यावर कोड पुसा आणि दोन-तीन दिवस शहरात व मोकळ्या रस्त्यावर मिळून चालवा. मग ट्रिमची बेरीज परत बघा. लाइट नाही पण बेरीज अजून अधिक १८ आहे, तर दोष सापडलेला नाही, लाइट यायची बाकी आहे.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

सेन्सर बेताच्या जोराने हलत नसेल तर पाइप लावून ताकद लावू नका. आटे मॅनिफोल्डसकट उपटून येतात आणि मग आटे नव्याने पाडणं किंवा मॅनिफोल्ड बदलणं, दोनच पर्याय उरतात. हे काम गॅसची ज्योत आणि आटे पाडायचा टॅप असलेल्या गॅरेजचं.

फ्यूज पुन्हा उडतोय, वायरिंग उंदराने तीन-चार ठिकाणी खाल्लंय, किंवा कॉम्प्युटरकडून अर्थिंग येत नाही: चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा, ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) आहे असा. ‘कॉम्प्युटर बदलावा लागेल’ असं कोणी सांगितलं तर त्याने पिनवर काय मोजलं ते आकड्यांत विचारा. आकडा नसेल तर दुसऱ्याला दाखवा.

मॅनिफोल्डचे स्टड गंजलेले असतील तर घरी हात लावू नका, तुटलेला स्टड हेडमध्ये राहिला तर हेड उतरवावं लागतं. गॅसवरच त्रास असेल तर किट बसवणाऱ्या अधिकृत फिटरकडे. गॅसच्या नळीला आणि रिड्यूसरला स्वतः पाना लावायचा नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर वरचं फक्त डोळ्यांनी बघणं आणि स्कॅन करणं एवढंच करा, वायर कापू नका, आणि लिहून ठेवलेले कोड व फ्रीझ फ्रेम सर्व्हिस सेंटरला द्या. बाहेर काम करून घेत असाल तर काढलेला जुना सेन्सर परत मागा आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. कोड परत आला तर पुढच्या माणसाला तिथून सुरुवात करता येते.